मेमरी हॉटप्लग आणि बलूनिंग

चालू आभासी यंत्राची (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकाची) मेमरी, ते बंद न करता, वाढवण्याच्या किंवा कमी करण्याच्या या दोन पद्धती आहेत. हॉटप्लगमध्ये होस्ट (मूळ सर्व्हर) गेस्टला (त्यावरच्या आभासी यंत्राला) नवी मेमरी जोडतो किंवा जोडलेली काढून घेतो. बलूनिंगमध्ये गेस्टच्या कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) एक ड्रायव्हर मेमरीची पेजेस, म्हणजे छोटे ठरावीक तुकडे, अडवून ठेवतो (यालाच बलून फुगवणे म्हणतात) आणि ती दुसरीकडे वापरण्यास मोकळी असल्याचे हायपरव्हायजरला, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या होस्टवरच्या सॉफ्टवेअरला, कळवतो. हे तंत्र कार्ल वॉल्ड्सपर्गर यांच्या व्हीएमवेअर ईएसएक्स सर्व्हर या हायपरव्हायजरवरील २००२ सालच्या शोधनिबंधामुळे सर्वपरिचित झाले. दोन्ही पद्धतींत मेमरी देण्यापेक्षा परत घेणे अवघड असते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एखाद्या फाउंड्रीत एकाच सर्व्हरवर हिशेब, हजेरी-पगार आणि कास्टिंगची ड्रॉइंग्ज यांसाठी तीन लिनक्स गेस्ट चालतात असे धरू. महिनाअखेरीस पगाराच्या गेस्टला ४ जीबी मेमरी जोडली, तर १२८ एमबीच्या नेहमीच्या मापाने तिचे ३२ ब्लॉक (एकत्र जोडले-काढले जाणारे तुकडे) होतात. ते आपोआप ऑनलाइन होण्याची, म्हणजे गेस्टच्या वापरात येण्याची, सोय केलेली नसेल, तर होस्टवर मेमरी दिल्याची नोंद होते, पण गेस्टमधला एकूण मेमरीचा आकडा जागचा हलत नाही. शिवाय कर्नल प्रत्येक ४ केबी पेजसाठी साधारण ६४ बाइटांची नोंद ठेवतो. ४ जीबीसाठी ती ६४ एमबी होते आणि सामान्यतः आधीच्याच मेमरीतून घेतली जाते, त्यामुळे मेमरी संपत आलेल्या गेस्टमध्ये नवी मेमरी जोडणेच फसू शकते. ही नोंद नव्या मेमरीतच ठेवण्याचा पर्याय लिनक्समध्ये २०२१ साली आला.

खरा पेच काढून घेताना पडतो. ब्लॉक ऑफलाइन करण्यासाठी त्यातले प्रत्येक वापरातले पेज दुसरीकडे हलवावे लागते, आणि कर्नलच्या स्वतःच्या रचना सहसा हलवता येत नाहीत. ब्लॉक नॉर्मल झोनमध्ये (मेमरीच्या कर्नलही वापरतो त्या विभागात) ऑनलाइन केला असेल, तर असे एक पेजही सगळे १२८ एमबी अडवून धरते. म्हणून परत घ्यायची मेमरी मूव्हेबल झोनमध्ये (फक्त हलवता येणाऱ्या पेजेसच्या विभागात) ठेवतात, परंतु तिथे कर्नलला स्वतःची बहुतेक कामे करता येत नाहीत. हा झोन फार वाढला, तर मेमरी शिल्लक दिसत असतानाही कर्नलपुरती टंचाई होऊन प्रक्रिया (चालू प्रोग्राम) मारल्या जातात. त्यामुळे कोणता ब्लॉक कोणत्या झोनमध्ये जाणार, हे जोडण्याच्या वेळीच ठरवायला हवे. परत मागताना त्याचा विचार करणे हा उशीर ठरतो.

बलून पेजागणिक काम करतो, म्हणून ब्लॉकची अडचण त्याला नाही. मात्र तो घाईने फुगवला, तर गेस्ट आधी कॅशे (वेगासाठी मेमरीत ठेवलेल्या फायलींच्या प्रती) सोडतो, मग स्वॅपकडे (मेमरीऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेकडे) वळतो आणि शेवटी डेटाबेसचीच प्रक्रिया मारली जाऊ शकते. टंचाईत बलून आपोआप सैल होण्याची सोय व्हर्टिओ-बलून या लिनक्समधल्या बलून ड्रायव्हरमध्ये आहे, पण ती चालू करावी लागते. तिच्यामुळे देखरेखीचे आकडेही बदलतात: एरवी बलूनमधली पेजेस एकूण मेमरीतून वजा होतात, या सोयीत ती वापरलेली म्हणून दिसतात, आणि कोणती प्रक्रिया मेमरी खाते आहे याचा निष्फळ शोध सुरू होतो. ४ केबीची सुटी पेजेस घेतल्याने होस्टवरची २ एमबीची मोठी पेजेसही तुटतात. गेस्टला एखादे उपकरण थेट जोडलेले असेल, तर त्याची मेमरी होस्टवर खिळलेली असते व बलूनचा उपयोग होत नाही.

वीज जाऊन आल्यावर तिन्ही गेस्ट एकदम सुरू होतात, तेव्हा बलूनचा ड्रायव्हर चालू होईपर्यंत प्रत्येक गेस्ट नेमून दिलेली सगळी मेमरी आपलीच समजतो. होस्टने क्षमतेपेक्षा जास्त मेमरी वाटली असेल, तर होस्टच स्वॅपमध्ये जातो. २०२० साली लिनक्स ५.८ मध्ये आलेल्या व्हर्टिओ-मेम या मेमरी जोडण्या-काढण्याच्या पद्धतीत जोडीव मेमरी बूटच्या वेळच्या नकाशात (गेस्ट सुरू होताना त्याला मिळणाऱ्या मेमरीच्या यादीत) नसते. ड्रायव्हर सुरू झाल्यावरच, होस्टने ठरवलेल्या मर्यादेत, ती गेस्टला मिळते. ती १२८ एमबीहून लहान तुकड्यांतही देता-घेता येते, मात्र न हलणाऱ्या पेजेसची अडचण तिथेही उरतेच.