जुनाट दुखणं आणि मानसिक आरोग्य

तीन महिन्यांच्या वर टिकलेलं किंवा पुन्हापुन्हा डोकं वर काढणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं, डॉक्टरी भाषेत क्रॉनिक पेन. जखम भरली, एक्स-रे नॉर्मल आला तरी कंबर दुखायची थांबत नाही असं बऱ्याच जणांचं होतं, आणि मग घरचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा, "काही नाही, मनाचे खेळ आहेत" म्हणून मोकळे होतात. हे साफ चूक आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत जुनाट दुखण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे, आणि वेदनांचा अभ्यास करणारी आयएएसपी ही आंतरराष्ट्रीय संघटना तर १९७९ पासून वेदनेला शरीराचा आणि भावनेचा, दोन्हीचा अनुभव मानत आलीय.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी गेट कंट्रोल थिअरी मांडली. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते उघडतात किंवा लोटून घेतात. बारीकसारीक तपशील पुढे बदलले, पण भीती, काळजी, लक्ष कुठे आहे यावर दुखणं कमीजास्त होतं हा मुद्दा टिकला. मेंदूकडून खाली येणाऱ्या, दुखणं दाबणाऱ्या या वाटांवर मेंदूतली दोन रसायनं, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन काम करतात, मूडशीही त्यांचाच संबंध, म्हणून ड्युलोक्सेटिनसारखी डिप्रेशनची औषधं दुखण्यावरही देतात. हे आधी नीट सांगितलं नाही तर पेशंट गोळीची माहिती वाचतो, "म्हणजे मला वेडा समजले" असं मनात घेतो आणि गोळी बंद करतो.

रोजच्या जगण्यात हे कसं होतं बघा. रात्री कूस बदलताना कळ येते, जाग येते, मग घड्याळाकडे बघत पहाट, आणि झोप न झाल्याने दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त बोचतं. बुटाची लेस बांधायला वाकायची भीती बसते, वाकणं टाळलं की स्नायू कमजोर पडतात, मग थोडं वाकलं तरी दुखतं, हळूहळू बाहेर जाणं, माणसांत बसणं सुटतं आणि उदासी घर करते. उलटंही होतं, आधीपासून डिप्रेशन असलेल्यांना पुढे जुनाट दुखणं जडायची शक्यता जास्त असते.

त्यामुळे दोन्हीवर एकदम उपचार लागतात. थोडाथोडा वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची घडी, गरज असेल तर औषध, आणि सीबीटी ही बोलून करायची थेरपी. सीबीटीने दुखणं गायब होत नाही, त्यातला फरक बेताचाच असतो, पण दुखत असताना जगणं जमायला लागतं आणि माझ्या मते ते छोटं नाही. अशा पेशंटमध्ये आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात, तेव्हा जवळच्यांनी आणि डॉक्टरांनी तसं मनात येतं का हे सरळ विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.