बंब गेला, गिझर आला: भाड्याच्या घरातल्या गरम पाण्याचा हिशेब

निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या भाड्याच्या खोल्यांतून एक वाद हमखास निघतो. गिझरच्या बिलाचे पैसे कुणी आणि किती द्यायचे?

जुन्या नाशकातल्या वाड्यांत हा प्रश्नच नव्हता. बिऱ्हाडाचा पाणी तापवायचा बंब बिऱ्हाडाचा, वखारीतून बंबफोड, म्हणजे त्याचं लाकडी जळण, आणायची ती ज्याची त्यानं. मालकाशी संबंध भाड्याचा, फार तर दिव्यांचा.

कायद्याचं लक्षही भाड्यावरच राहिलं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण मानलं आणि ते जवळजवळ गोठलं. मालक मग ‘लीव्ह अँड लायसन्स’कडे, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराकडे वळले, पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या लायसन्सधारकांनाही कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण दिलं. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळाली, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं ठरलं, आणि भाडेकरूचं वीज-पाणी तोडायला कलम २९ नं मनाई केली. पण आज कॉलेज रोडवरचे विद्यार्थी काय किंवा सिडकोत राहून अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणारी कुटुंबं काय, बहुतेक राहतात अकरा महिन्यांच्या लायसन्सवर. त्यांचा खरा आधार करारातला मजकूर, आणि त्यात गिझरचं नाव क्वचितच असतं.

दरम्यान पाणी तापवण्याची जागा बदलली होती. चुलीजवळची आच भिंतीतल्या तारेत गेली, आणि ती तार मालकाच्या मीटरला जोडलेली. पंधरा लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला पाऊण युनिटहून थोडी जास्त वीज लागते. चार माणसांच्या आंघोळी धरा, महिन्याचा आकडा आपोआप दिसेल.

खरा गुंता महावितरणच्या टप्प्यांत आहे. घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत, त्यापुढचा दर बराच चढा. मालकाचे ९० आणि मालकाच्याच जोडणीवर भाडेकरूसाठी लावलेल्या सबमीटरवरचे ९०, असे १८० युनिट एकाच मीटरवर पडले की ८० युनिट महागड्या टप्प्यात जातात. वेगळी जोडणी असती तर दोघंही स्वस्तात राहिले असते. भाडेकरूला वाटतं मालक युनिटमागे जास्त लावतो, मालकाला खरोखरच जास्त बिल आलेलं असतं. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर हा वाद इतका कडवट होतो.

यावर स्वतंत्र मीटर हाच मला न्याय्य मार्ग वाटतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालकच नव्हे, तिथं राहणाराही जोडणी मागू शकतो. घरमालकानं ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं.

काही घरांत गॅस गिझर आला. सिलिंडर भाडेकरूचा, म्हणजे हिशेब पुन्हा बंबासारखा सरळ. पण बंद न्हाणीघरात त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. झरोका नसेल तर तो बसवूच नये. नव्या इमारतींच्या गच्चीवर सोलर आहे. ऊन फुकट, पण ढगाळ दिवसांत चालणारी विजेची कॉइल सोसायटीच्या मीटरवर, आणि फुटलेल्या नळीचा खर्च मालकाचा की राहणाऱ्याचा, हे अजून घरोघरी तोंडीच ठरतं.