प्रायोगिक क्वांटम संगणनातील पोस्टडॉक संशोधन

पीएचडी झाल्यावर, स्वतःचा गट उभा करण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत काही वर्षे करारावर केलेले संशोधन. सैद्धांतिक शाखांतही पोस्टडॉक असतातच. पण प्रायोगिक क्वांटम संगणनात या टप्प्याला जास्त वजन आहे. इथली बरीचशी विद्या शोधनिबंधात पुरती उतरत नाही, हाताखाली काम करूनच ती साधते. ती एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे नेतो तो बहुतेक वेळा पोस्टडॉकच.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला दाखला सर्वांत बोलका आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जॉन क्लार्क यांच्या गटात पॅरिसहून मिशेल डेव्होरे पोस्टडॉक म्हणून आले. जॉन मार्टिनिस तिथे पीएचडी करत होते. असंख्य इलेक्ट्रॉन असलेले, हातात धरता येईल एवढे विद्युतमंडल एकाच क्वांटम कणासारखे वागेल का, हा त्यांचा प्रश्न. साधन होते जोसेफसन जंक्शन, म्हणजे दोन अतिसंवाहकांमध्ये (विरोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या पदार्थांमध्ये) अतिशय पातळ विद्युतरोधक थर. अडचण होती ती गोंगाटाची. खोलीतल्या उपकरणांकडून तारांवाटे सूक्ष्मतरंग खाली पोचले, तर जंक्शनवर अचानक दिसलेला व्होल्टेज टनेलिंगमुळे, म्हणजे क्वांटम नियमांनुसार अडथळ्यातून आरपार गेल्याने, आला की बाहेरच्या धक्क्याने, हे ठरवता येईना. म्हणून धातूच्या नळीत तारेचे वेटोळे ठेवून भोवती तांब्याची बारीक भुकटी भरलेले फिल्टर वापरले गेले. नको असलेले तरंग त्या भुकटीतच जिरत. याच प्रयोगांसाठी तिघांना २०२५चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या पारितोषिकात भुकटीच्या नळ्यांचाही वाटा आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक. आजच्या अतिसंवाहक क्युबिटवर काम करणाऱ्या पोस्टडॉकचा दिवस क्लीनरूम (चिप बनवण्याची धूळमुक्त खोली), शीतक आणि मापनाचा संगणक यांत वाटलेला असतो. सिलिकॉन किंवा नीलमणी चकतीवर इलेक्ट्रॉन किरणाने नक्षी काढायची, तिरप्या कोनातून ॲल्युमिनियमचा थर चढवायचा, त्यावर ऑक्साइड वाढू द्यायचे, मग दुसऱ्या कोनातून पुन्हा ॲल्युमिनियम, की जोसेफसन जंक्शन तयार. ऑक्साइडची जाडी एक-दोन नॅनोमीटर; ती किंचित बदलली तरी क्युबिटची वारंवारता ठरल्या जागी बसत नाही. तयार चिप हीलियम-३ आणि हीलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या डायल्यूशन रेफ्रिजरेटरमध्ये निरपेक्ष शून्याच्या वर १०-२० मिलिकेल्विनपर्यंत थंड करतात. यात दिवस जातात. एखादी जोडणी सैल निघाली, तर सगळे पुन्हा खोलीच्या तापमानाला आणावे लागते. थंड झाल्यावर क्युबिटची वारंवारता शोधणे, राबी दोलने (क्युबिटचे दोन अवस्थांमधले हेलकावे) पाहणे, अवस्था किती मायक्रोसेकंद टिकते ते मोजणे, असा क्रम. क्युबिट म्हणून सुटे आयन किंवा उदासीन अणू वापरणाऱ्या प्रयोगशाळांत शीतकाची जागा बहुधा लेसर आणि निर्वातपात्र घेतात.

ही परंपरा मुंबईपर्यंत आली ती अशीच. इरफान सिद्दिकी येल विद्यापीठात डेव्होरे यांच्याकडे पोस्टडॉक होते. आर. विजयराघवन यांनी पीएचडी डेव्होरे यांच्याकडे केली, पोस्टडॉक बर्कलीत सिद्दिकींच्या गटात. क्युबिटवर सतत नजर ठेवून त्याची राबी दोलने फीडबॅकने स्थिर राखण्याचा त्यांचा प्रयोग २०१२ साली 'नेचर'मध्ये आला. पुढे विजयराघवन यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गट उभारला. ऑगस्ट २०२४मध्ये तिथे सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. चिप संस्थेत बनली, नियंत्रण आणि मापनाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने जुळवली आणि क्लाउडवरून प्रयोग पाठवण्याची सोय टीसीएसने केली.