क्विकन (इंग्रजी क्रियापद)

क्विकन हे इंग्रजी क्रियापद आहे. ‘जीव घालणे’ आणि ‘जीव धरणे’ हे त्याचे मूळ अर्थ. आजच्या बोलण्यात मात्र ते बहुधा वेगापुरते उरले आहे: पावले झपझप पडू लागली, नाडी जोरात चालू लागली की ते वापरतात. शाळेत आपण क्विक म्हणजे जलद एवढेच शिकतो, म्हणून जुन्या मजकुरात हे क्रियापद भेटले की वाचक अडखळतो.

जुन्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. वेगाचा अर्थ 1300 च्या आसपास मागाहून आला. जे जिवंत असते ते हलते, चपळ असते. संस्कृतातला जीव, लॅटिनमधला वीवुस आणि हा क्विक एकाच भारत-युरोपीय मुळातून फुटलेले शब्द आहेत. आपण रोज बोलतो तो ‘जीव’ इंग्रजीत वेगळ्या रूपात नांदतो आहे, हे कळल्यावर पुष्कळ जोडशब्द उलगडतात. पारा म्हणजे क्विकसिल्व्हर, पळणारी जिवंत चांदी. कळीचा चुना म्हणजे क्विकलाइम. पाणी पडताच तो तापतो, उकळू लागतो. नखाखालच्या हुळहुळ्या मांसालाही क्विक म्हणतात. न आटणाऱ्या झऱ्याला आपण जिवंत झरा म्हणतो, त्यातली नजर हीच.

1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये देव मेलेल्यांना उठवतो तिथे हेच क्रियापद आहे. नंतरच्या भाषांतरांनी बहुधा ‘जीवन देणे’ असे सरळ शब्द घेतले.

या क्रियापदाचा सर्वांत खोल ठसा गर्भारपणावर आहे. पोटातल्या बाळाची हालचाल आईला पहिल्यांदा जाणवते, त्या क्षणाला क्विकनिंग म्हणतात. पहिलटकरणीला ती साधारण 18 ते 20 आठवड्यांनी कळते, आधी बाळंत झालेलीला 16 व्या आठवड्यापासूनही. आधी पोटात काहीतरी फडफडल्यासारखे, गॅस फिरल्यासारखे वाटते. गर्भ त्याच्या कितीतरी आधीपासून हलत असतो. सोनोग्राफीत ते दिसते. म्हणजे क्विकनिंग ही गर्भाची अवस्था नव्हे, आईची जाणीव आहे.

तरीही कायद्याने तिच्यावर मोठा भार टाकला. इंग्लंडच्या 1803 च्या कायद्यात या क्षणानंतरच्या गर्भपाताला देहदंड होता, आधीच्याला त्याहून सौम्य शिक्षा. हा भेद तिथे 1837 मध्ये गेला. फाशीची शिक्षा झालेल्या स्त्रीच्या पोटातले मूल हलते आहे का, हे पाहायला स्त्रियांचीच ज्युरी बसे. ती पद्धत 1931 मध्ये संपली. भारतात मात्र 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 312 मध्ये ‘क्विक विथ चाइल्ड’ (पोटातल्या बाळाची हालचाल जाणवू लागलेली) हे शब्द आले आणि त्या अवस्थेतल्या बेकायदा गर्भपाताची कमाल शिक्षा एरवीच्या 3 वर्षांऐवजी 7 वर्षे ठरली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 मध्येही ते शब्द तसेच आहेत.