जीवाश्म : गतकाळाचे व पुरापर्यावरणाचे निदर्शक

पूर्वी जगलेल्या प्राण्यांचे व वनस्पतींचे जे अवशेष, ठसे, साचे किंवा वावराच्या खुणा खडकांत अथवा गाळात टिकून राहतात, त्यांना जीवाश्म म्हणतात. त्यांच्यावरून दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. ज्या थरात जीवाश्म सापडला तो थर केव्हा साचला, हा पहिला प्रश्न. आणि तो साचत असताना तेथे समुद्र होता, खाडी होती, तळे होते, नदीचे पात्र होते की गवताळ माळ होता, हा दुसरा. एकाच जीवाश्माला ही दोन्ही कामे सारख्याच चांगल्या रीतीने करता येतात, असे फार क्वचित घडते. कालनिर्णयासाठी असा जीव लागतो, जो थोड्या अवधीत दूरवर पसरला, भरपूर संख्येने जगला आणि लवकरच नाहीसा झाला. पर्यावरण ओळखण्यासाठी उलट असा जीव उपयोगी पडतो, जो ठरावीक खोलीच्या, ठरावीक तापमानाच्या किंवा ठरावीक खारेपणाच्या पाण्याबाहेर जगूच शकत नाही, मग त्याचा वंश कितीही काळ टिकलेला असो. पहिल्या प्रकारास सूचक जीवाश्म आणि दुसऱ्यास संलक्षणी जीवाश्म असे म्हणतात.

नाशिक जिल्ह्यात या विषयाची सामग्री मोजकीच आहे, परंतु ती बोलकी आहे. ब्रह्मगिरीपासून चांदवडपर्यंतच्या डोंगरांतील काळ्या कातळात जीवाश्म जवळजवळ मिळत नाहीत, तर गोदावरीच्या जुन्या गाळात नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष मिळाले आहेत. एका बाजूला खडकाचे मौन आणि दुसऱ्या बाजूला गाळातील हाडे, ही दोन्ही कशी वाचायची हे या नोंदीत पुढे पाहिले आहे.

जीवाश्मांवरून थरांचा क्रम लावण्याची पद्धत प्रथम इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) यांनी रूढ केली. कालव्यांच्या खोदकामावर मोजणीदार म्हणून काम करताना त्यांच्या लक्षात आले की, दिसायला सारखे असणारे खडकही त्यांतील जीवाश्मांवरून वेगळे ओळखता येतात आणि जीवाश्मांचा हा क्रम ठिकठिकाणी तोच राहतो. या आधारावर त्यांनी १८१५ मध्ये इंग्लंड व वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये झॉर्झ क्यूव्हिए यांनी पृष्ठवंशी प्राण्यांच्या हाडांवरून जाती नष्ट होतात हे दाखवून दिले. जाती नष्ट होतात हे मान्य झाल्याशिवाय जीवाश्मांना कालदर्शक मूल्य येतच नाही, म्हणून क्यूव्हिए यांचे हे काम स्मिथ यांच्या नकाशाइतकेच मूलभूत मानले पाहिजे. १८३३ मध्ये चार्ल्स लायेल यांनी तृतीयक कालखंडातील, म्हणजे डायनोसॉरांच्या अंतानंतरच्या काळातील, थरांची विभागणी केली ती त्यांतील किती शिंपल्यांच्या जाती आजही जिवंत आहेत या प्रमाणावर. त्यांच्या गणनेत यांतील सर्वांत जुन्या, म्हणजे इओसीन, थरांत हे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के होते आणि थर जसजसा अलीकडचा, तसतसे ते वाढत गेले. ट्रायलोबाइट, ग्रॅप्टोलाइट, अ‍ॅमोनाइट, कोनोडोंट हे नामशेष सागरी प्राणी व तरंगणारे फोरॅमिनीफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव) हे प्रमुख सूचक जीवाश्म आहेत. त्यांच्यावरून मिळते ते सापेक्ष वय, म्हणजे कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा एवढेच. वर्षांतील आकडा किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून काढावा लागतो, आणि तो बहुधा गाळाच्या थराला लागून असलेल्या ज्वालामुखी राखेतून किंवा लाव्हातून मिळतो.

पर्यावरणाच्या बाजूने पाहता मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा जीवाश्म त्याच्या देवघरातच असतो. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून येणारा शाळिग्राम हा पुष्कळदा अ‍ॅमोनाइटाचा जीवाश्म असतो, आणि त्यावरील चक्र म्हणजे त्या प्राण्याच्या गुंडाळलेल्या कवचाची वळणे होत. अ‍ॅमोनाइट फक्त समुद्रातच राहत. हे दगड ज्या काळ्या शेलमधून (घट्ट झालेल्या चिखलाच्या पातळ थरांच्या खडकातून) सुटून येतात तो शेल जुरासिक काळाच्या अखेरीच्या सुमारास, म्हणजे अंदाजे १५ कोटी वर्षांपूर्वी, समुद्रतळावर साचला. आज हिमालय उभा आहे तेथे त्या काळी टेथिस समुद्र होता, याची साक्ष हा दगड देतो. शिवाय अ‍ॅमोनाइटांच्या जाती भराभर बदलत गेल्यामुळे त्याच कवचावरून थराचे वयही ठरते, आणि वर ज्याला क्वचित म्हटले ते दुहेरी काम येथे साधते.

इतर साक्षीदारांचा थोडक्यात उल्लेख पुरे आहे. खडक रचणारी प्रवाळे उबदार, उथळ व स्वच्छ पाण्यात वाढतात, त्यामुळे प्रवाळी चुनखडक मिळाला की तेथील समुद्राची खोली व तापमान साधारणपणे कळते. जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन काळातील (सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांवरील सूक्ष्म वाढरेषा मोजून त्या काळी वर्षाला सुमारे ४०० दिवस असत असे दाखवले. अखंड कडा असलेल्या पानांचे प्रमाण उष्ण हवामानात वाढते, म्हणून पानांच्या ठशांवरून जुन्या तापमानाचा अंदाज करतात. फोरॅमिनीफेरांच्या कवचातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) समुद्राच्या पाण्याचे तापमान व हिमाच्छादनाची व्याप्ती काढता येते. प्राण्यांच्या दातांवरील कठीण आवरणातील (एनॅमलमधील) कार्बनच्या समस्थानिकांवरून तो प्राणी झाडपाला खात होता की उष्ण प्रदेशातील गवत, हे ओळखता येते.

आता नाशिकच्या कातळाकडे वळू. पांडवलेणी ज्यात कोरली आहेत तो बेसाल्ट वितळलेल्या लाव्हापासून बनला आहे, आणि अशा खडकात जीवाश्म टिकण्याची शक्यता अत्यल्प असते. या खडकाच्या पोकळ्यांत मिळणारे झिओलाइटांचे व गारगोटीचे स्फटिक, ज्यांचे उत्तम नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आहेत, ही खनिजे आहेत. त्यांचा जीवसृष्टीशी संबंध नाही. दगडाच्या भेगेत किंवा अकीकात दिसणारी शेवाळासारखी अथवा फर्नसारखी काळी नक्षी मँगॅनीजच्या ऑक्साइडांची असते आणि पाहणाऱ्याला ती हमखास वनस्पतीचा ठसा वाटते. ही चूक स्वाभाविक आहे, पण तिच्यावरून प्रदेशाचा इतिहास लिहिला जाऊ नये.

लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये पुरेसा काळ गेला तर मधल्या भूपृष्ठावर तळी साचत, झाडे वाढत, आणि पुढच्या प्रवाहाखाली ते सारे गाडले जाई. अशा थरांना अंतरट्रॅपी थर म्हणतात. घाटाच्या भागात ते विरळ आहेत आणि तेथे दोन प्रवाहांमध्ये बहुधा केवळ तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पूर्वेकडे नागपूर, छिंदवाडा या भागांत आणि पश्चिमेस मुंबईत ते जीवाश्मांनी समृद्ध आहेत. मुंबईच्या थरांतील लहान बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले, आणि तो बेडूक व त्याच्याबरोबरचे कासव यांवरून तेथे गोड्या पाण्याचा उथळ जलाशय होता हे कळते. नाशिकच्या डोंगरांचे वय ठरवताना म्हणूनच शेकडो किलोमीटर दूरच्या गोगलगाई, बेडूक व ताडाची खोडे यांचा आधार घ्यावा लागला.

या वयाविषयी दीर्घकाळ वाद झाला आणि जीवाश्मांच्या साक्षीचे बळ व तिची मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३० च्या दशकात छिंदवाड्याजवळील मोहगाव कलान व अन्य ठिकाणच्या वनस्पतींवरून, विशेषतः ताडवर्गीय अवशेषांच्या विपुलतेवरून, हे थर इओसीन काळाचे, म्हणजे डायनोसॉरांच्या अंतानंतर बऱ्याच काळाने साचलेले, असावेत असे मांडले. त्यांतील निपा या खाडीकाठच्या ताडाची फळे समुद्र फार दूर नसल्याचे सुचवतात, आणि पर्यावरणाचा हा अर्थ आजही महत्त्वाचा आहे. कालनिर्णय मात्र पुढे बदलला. ताड हे दीर्घकाळ टिकलेले कूळ असल्याने त्यांच्यावरून वयाची रेषा बारीक ओढता येत नाही. लाव्हाखालच्या लॅमेटा थरांत आणि काही अंतरट्रॅपी थरांतही डायनोसॉरांचे अवशेष मिळाले, परागकणांतून क्रिटेशस काळाच्या (डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या) अखेरीचे पुरावे आले, आणि १९८० च्या दशकापासून किरणोत्सर्गी कालमापन व खडकांतील चुंबकत्व यांनी लाव्हाचा मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास निश्चित केला. छिंदवाड्याजवळील झिलमिली येथील थरात डायनोसॉरांच्या अंतानंतर लगेच अवतरलेले सागरी फोरॅमिनीफेरा २००९ मध्ये नोंदले गेले. त्यामुळे त्या थराचे वय आणि तेथवर समुद्राचे पाणी पोचत असल्याचे, दोन्ही एकाच पुराव्यातून कळले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील, डायनोसॉरांच्या मानल्या जाणाऱ्या, जीवाश्म विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉरांच्या नंतर आले ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागली. ‘अमुक जीव अमुक काळानंतरचाच’ असे गृहीत धरून थराचे वय ठरवताना किती सावध राहावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात नाही.

गोदावरीचा जुना गाळ या कातळाच्या मानाने अगदी अलीकडचा, म्हणजे प्लाइस्टोसीन (सुमारे २६ लाख ते १२ हजार वर्षांपूर्वीचा काळ) व त्यानंतरच्या काळाचा आहे. नदीकाठच्या उभ्या दरडींत तळाशी घट्ट झालेला गोट्यांचा व भरड वाळूचा थर आणि त्यावर पिवळसर पोयटा दिसतो. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे आज पक्षी अभयारण्य म्हणून प्रसिद्ध आहे; तेथील गाळात सरळ सुळ्यांच्या नामशेष हत्तीची कवटी मिळाली आणि गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये तिचे वर्णन केले. हाच हत्ती नर्मदेच्या गाळातूनही ज्ञात आहे आणि त्याच्या जातीचे ‘नामाडिकस’ हे नाव नर्मदेवरूनच पडले. दोन नद्यांच्या थरांची तुलना करण्यासाठी या कवटीचा उपयोग झाला. तथापि ही जात फार दीर्घकाळ अस्तित्वात होती, त्यामुळे तिच्यावरून थर प्लाइस्टोसीनचा आहे यापलीकडे नेमके वय सांगणे योग्य नाही. पर्यावरणाविषयी तिचे म्हणणे अधिक स्पष्ट आहे : एवढ्या मोठ्या प्राण्यांना पोसणारे गवत, झाडोरा व पाणी या खोऱ्यात होते.

नदीच्या गाळातील हाडांबाबत आणखी एक अडचण येते. पूर आला की जुन्या थरातील हाड सुटते, वाहून येते आणि नव्या थरात पुन्हा गाडले जाते, आणि मग ते ज्या थरात मिळाले त्याहून कितीतरी जुने असू शकते. कडा झिजलेले, गोल झालेले सुटे हाड म्हणून संशयास्पद ठरते, तर सांध्यांनी एकत्र असलेला सांगाड्याचा भाग बहुधा जागच्या जागी राहिलेला असतो. पैठणजवळील मुंगी येथे १८६० च्या दशकात अकीकाची माणसाने घडवलेली चीप हाडांच्या थरात मिळाली, आणि पुढे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळच्या गंगापूर परिसरात पुराश्मयुगीन हत्यारे शोधली, तेव्हापासून गोदावरी खोऱ्यात प्राचीन माणसाचा काळ ठरवण्याचा प्रश्न या हाडांशी जोडला गेला आहे. हाड, हत्यार व थर यांचे नाते जागेवरच नोंदवले गेले नसेल, तर नंतर प्रयोगशाळेतील कोणतीही तपासणी ते परत जुळवून देऊ शकत नाही. दरडीतून सुटलेले हाड घरी नेणाऱ्याने किमान ते कोणत्या उंचीवर, कोणत्या मातीत होते हे टिपून ठेवणे म्हणूनच अत्यंत मोलाचे आहे.

अधिक अलीकडच्या काळासाठी कार्बन-१४ (किरणोत्सर्गी कार्बन) पद्धत वापरता येते. या कार्बनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा ऱ्हास होण्याचा काळ, ५,७३० वर्षे असल्याने सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे तिचा उपयोग होत नाही. गोड्या पाण्यातील शिंपल्यांवर ती वापरताना, पाण्यात विरघळलेला चुनखडीचा जुना कार्बन शिंपल्यात शिरून वय प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते. नाशिकच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७२-७३ च्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली आणि त्यांपैकी एकावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. कार्बन-१४ नुसार त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे येते, म्हणजे त्या काळी सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी शहामृगाला मानवणारा, तुलनेने कोरडा व उघडा गवताळ प्रदेश होता.