‘साभार : इंटरनेट’ लिहिलं की श्रेय दिलं?

मजकुराखाली ‘साभार’ किंवा ‘इंटरनेटवरून’ लिहिलं की श्रेय देऊन झालं, असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागचा हेतू प्रामाणिकच असतो, पण एवढ्यानं काम होत नाही.

स्रोत द्यायचा तो वाचकाला मूळ मजकुरापर्यंत पोचता यावं म्हणून. इंटरनेट ही मजकूर येण्याची वाट आहे. लिहिणारा माणूस वेगळाच असतो. ‘साभार’ म्हटलं, तर आभार कुणाचे? लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक, तारीख आणि दुवा दिला की वाचक आकडा किंवा अवतरण स्वतः पडताळू शकतो. माझ्या मते श्रेयाचा खरा उपयोग हाच.

शोधणं फारसं अवघड नाही. मजकुरातलं एखादं वेगळं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. जुन्यात जुनी नोंद उघडा. तीही नक्कल असू शकते, म्हणून तिथं आणखी मागचा उल्लेख आहे का पाहा. छायाचित्र असेल तर चित्रावरून शोध घ्या. काहीच हाती लागलं नाही, तर ‘मूळ लेखक सापडला नाही, अमुक ठिकाणी वाचलं’ असं सरळ लिहा.

आणि नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट नोंदणीशिवायच लागू होतो. छोटं अवतरण चालतं, अख्खा लेख उचलायचा तर लेखकाला विचारावं लागतं.