‘हीट अप’ हे शब्द दोन की एक?

सांगलीच्या विश्रामबाग परिसरात एका इंग्रजी संभाषणवर्गाची जाहिरात लागली आहे. रात्री झोपताना ध्वनिफीत लावून ठेवल्यास महिनाभरात पाचशे ‘फ्रेजल व्हर्ब’, म्हणजे क्रियापद आणि ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द यांच्या जोड्या, आपोआप पाठ होतात, असा तिचा दावा आहे. ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ यांसारख्या जोड्यांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाही, त्यामुळे विद्यार्थी त्यांना धास्तावतात, हे खरे आहे. वास्तविक मराठीला हा प्रकार नवा नाही. ‘तो नको ते बोलून गेला’ या वाक्यात कोणी कुठेही जात नाही.

अशी जोडी मेंदूत एक शब्द म्हणून साठवलेली असते, की व्याकरण ती दर वेळी नव्याने जुळवते? ‘पिक्ड अप’मध्ये भूतकाळाचा प्रत्यय मधेच लागतो, ‘पिक द बुक अप’मध्ये पुस्तक मधे येते आणि ‘इट’ हे सर्वनाम तर मधेच घालावे लागते. एकसंध शब्दाची अशी फोड होत नाही, म्हणून दुसऱ्या पर्यायात तथ्य वाटते.

बर्ट कापेल, यूरी श्टिरोव्ह आणि फ्रीडेमान पुल्व्हरम्युलर या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याची जी परीक्षा घेतली, ती मला फार देखणी वाटते. त्यांनी ऐकणाऱ्यांच्या मेंदूतील विद्युतप्रवाहांमुळे निर्माण होणारे क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजले. एकच ध्वनी वारंवार ऐकवून मधेच वेगळा ध्वनी ऐकवला, तर ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असले तरी सेकंदाच्या काही दशांशांत मेंदू प्रतिसाद देतो. या प्रतिसादाच्या दोन परस्परविरोधी सवयी आधीच ठाऊक होत्या. निरर्थक अक्षरसमूहापेक्षा खऱ्या शब्दाला तो मोठा असतो. उलट, व्याकरणाने जुळणाऱ्या शब्दांपेक्षा न जुळणाऱ्यांना तो मोठा असतो. म्हणजे ‘हीट अप’ हा साठवलेला शब्द असेल, तर त्याचा प्रतिसाद ‘कूल अप’ या न रुळलेल्या जोडीपेक्षा मोठा हवा, आणि ती केवळ व्याकरणाची जुळणी असेल, तर लहान. प्रत्यक्षात तो मोठा निघाला. फोड होऊ शकणारी ही जोडी मेंदूच्या लेखी एक शब्दच ठरली.

लक्ष नसतानाही मेंदू प्रतिसाद देतो, एवढेच उचलून कोणी झोपेतल्या शिकवणीचे समर्थन करील, तर ती दिशाभूल होईल. प्रयोगात दिसला तो इंग्रजी भाषकांच्या मेंदूत आधीच असलेला साठा. तो ऐकता ऐकता तयार झाला, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

नवशिक्यांची स्थिती निराळी असते. डगट आणि लॉफर यांना 1985 मध्ये हिब्रू भाषक विद्यार्थ्यांत असे आढळले की ते या जोड्या टाळून एकशब्दी क्रियापदे पसंत करतात. आपल्याकडेही अर्जात ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ सर्रास येते. हिब्रूत अशा जोड्या नाहीत, म्हणून ते विद्यार्थी बिचकतात, असे त्या संशोधकांचे स्पष्टीकरण होते. ‘बोलून जाणे’, ‘देऊन टाकणे’ रोज वापरणाऱ्या मराठी मुलांना मात्र ते जसेच्या तसे लावता येणार नाही.